मंडप कोणाचा?

सांगोला तालुक्यातल्या एका गावात हरिनाम सप्ताह चालू होता. पाचव्या दिवशी रात्री अकराच्या सुमाराला एका बाईला नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं. एक मूल कडेवर, दुसरं हाताला. माहेर जतकडे, शेवटची एसटी केव्हाच गेलेली. सगळ्या गावात जिथं उजेड आणि माणसं होती तिथं ती गेली, म्हणजे देवळाच्या मंडपात. चार दिवस त्याच मंडपाच्या मागं बसून तिनं भाकऱ्या थापल्या होत्या. कमिटीतली माणसं म्हणाली, "घरचं भांडण देवळात आणू नका. सप्ता चालू आहे." ती रात्र तिनं पोरांना घेऊन एसटीच्या थांब्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. मी तिची हकिकत लिहून घेतली, अर्ज केला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तिला नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क देतो, हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काल राती कुठं जायचं हुतं, ताई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यातली मिळते. मार मात्र आज रात्रीच पडतो.

मैत्रिणींनो, देवळात स्त्रियांना प्रवेश असावा की नसावा, यावर आपण पुष्कळ भांडलो. २०१६ साली विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, प्रवेश हा स्त्रियांचा हक्क आहे. त्याच वर्षी शनिशिंगणापूरचा चौथरा खुला झाला. ही भांडणं योग्यच होती. पण आत जाऊन हात जोडून बाहेर येण्याचा हक्क मिळाला म्हणजे देऊळ आपलं झालं का? त्या बाईला प्रवेश होताच. भाकऱ्या थापायला होता, फुगडी घालायला होता, वर्गणी द्यायलाही होता. फक्त मार खाऊन आली, तेव्हा नव्हता.

सांगोल्यात राहून हा सवाल टाळता येत नाही. एका अंगाला पंढरपूर, दुसऱ्या अंगाला मंगळवेढा. संतांची ही भूमी म्हणून आपण मिरवतो. मग या संतांचं काय झालं तेही आठवूया. मंगळवेढ्याचा चोखोबा. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलं, पण महार म्हणून देवळाबाहेर उभा राहिला. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तो गेला. मग नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारात समाधी बांधली. मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा, गणिकेची मुलगी. बीदरच्या बादशहाची माणसं तिला न्यायला आली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायाशी आली. जुलमापासून पळालेली बाईच ती, आमच्या केंद्रात येते तशी. तिला आसरा कसा मिळाला? देवाच्या पायाशी प्राण सोडल्यावर. देवळाच्या आवारात तिच्या नावाचं तरटीचं झाड आज दाखवतात, लोक त्याला नमस्कार करतात.

म्हणजे आपली देवळं जागा देतात, पण मेलेल्यांना. जिवंतपणी दार बंद, आणि मेल्यावर समाधी. हे मोठेपण कोणाच्या कामाचं?

पण याच पंढरपुरात याहून वेगळंही घडलेलं आहे, आणि ते आपण विसरलो. विधवा लेकीसुनांना यात्रेच्या निमित्तानं आणून पंढरपुरात सोडून देत, त्या काळात, १८७५ साली, प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी तिथं बालकाश्रम काढला. लोकलाजेनं ज्या मुलांना मारून टाकत ती मुलं तिथं वाढली. बायकांना बाळंत होण्यापुरता सुरक्षित आसरा मिळाला. तुकारामाचे अभंग म्हणून प्रार्थना करणाऱ्या माणसांनी प्रार्थनेचा अर्थ असा लावला होता. पुढं साने गुरुजींनी विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला. बरोबर सेवादलाचं कलापथक होतं. भाषणानं जे पटत नाही ते गाण्यानं आणि नाट्यानं पटतं, हे गुरुजींना कळलं होतं. १ मे १९४७ ला ते उपोषणाला बसले. जागा दिली ती पंढरपूरच्याच तनपुरे महाराजांच्या मठानं. १० मेला उपोषण सुटलं, देऊळ खुलं करायचं ठरलं. सगळे मठ बंद असते तर गुरुजी बसले असते कुठं? एक मठ उघडा होता, एवढ्यानं इतिहास बदलला.

पंडिता रमाबाईंचंही उदाहरण घ्या. पुराणिकाची मुलगी. लहानपणापासून देवळादेवळांत पुराण सांगत हिंडलेली. विधवा झाल्यावर तिला काम करायला जागा कुठं मिळाली? पुढं केडगावच्या मुक्तीत तिनं दुष्काळातल्या, टाकलेल्या शेकडो बायका आणि मुली गोळा केल्या. प्रार्थना, गाणं, शाळा, शेती, बायकांनी चालवलेला छापखाना, सगळं एका आवारात. त्यासाठी तिला धर्म सोडावा लागला, हा तिचा दोष की आपल्या देवळांचा? आणि चर्चसुद्धा काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. विलायतेत रमाबाईंनी पुरुषांना शिकवायचं म्हटलं तेव्हा तिथल्या बिशपांना ते खपलं नव्हतं. तेव्हा सवाल एका धर्माचा नाही. देऊळ, मशीद, दर्गा, चर्च, विहार, प्रत्येकाला हाच सवाल विचारायचा आहे. मार खाल्लेली बाई रात्री आली, तर तुमच्याकडे ती बसेल कुठं?

आपल्यातल्या काही जणी विचारतील, देवाधर्माच्या भानगडीत आपण पडायचंच कशाला? पितृसत्तेचा तो बालेकिल्लाच नाही का? आहे ना. मीही कॉलेजात हेच शिकले आणि हेच बोलत होते. पण तालुक्यात काम करताना दिसलं की बायका तिथं आधीच आहेत. आपल्या मेळाव्याला पन्नास जणी जमवताना दमछाक होते. सप्ताहाला तीनशे जणी न बोलावता येतात. आपण तिथं गेलो नाही, म्हणून त्या तिथून निघाल्या नाहीत. फक्त तिथं त्यांच्याशी बोलणारं आपलं कोणी उरलं नाही. मग माईक ज्याच्या हातात, तो बायकोवर विनोद करतो. सुनेनं कसं वागावं ते सांगतो. पोरींच्या कपड्यांची टिंगल करतो. पुरुष हसतात आणि भाकऱ्या करून दमलेल्या बाया पदर तोंडाला लावून त्याही हसतात. हे कीर्तन नाही. सोयराबाई आणि जनाबाई यांच्या नावानं चाललेली ही चक्क आपली बेअब्रू आहे.

कला हे आपलं हत्यार आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९८३ साली 'मुलगी झाली हो' रस्त्यावर आलं आणि खेड्यापाड्यांत गेलं. पण आपली कला आपण मेळाव्यापुरती ठेवली आणि भारूड, ओवी, कीर्तन त्यांच्या हवाली केलं. जात्यावर बसून बाईनं जे सांगितलं तेवढं कुठल्याही समुपदेशन केंद्राच्या वहीत सापडणार नाही. ते मंडपात का ऐकू येऊ नये?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंडप आपल्या वर्गणीचा, आपल्या कष्टाचा. तो आपण मागून घ्यायचा. ज्या गावात कळसाला आणि फरशीला लाखांनी वर्गणी जमते, तिथं एक खोली, एक दिवा, आतून लागणारी कडी आणि एक संडास एवढं जमलंच पाहिजे. भिंतीवर १८१ हा मदतीचा नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याचं नाव रंगवलं पाहिजे. आलेल्या बाईला जात, धर्म, पाळी, नवरा आहे की टाकलंय, यातलं काही विचारायचं नाही. सप्ताहात वीणा बाईच्या गळ्यात पडली पाहिजे, आणि तीही फक्त सवाष्णीच्या नव्हे. विधवेच्या, परित्यक्तेच्या, दलित बाईच्या, तृतीयपंथी भगिनीच्याही. देवळाच्या कमिटीत निम्म्या बाया हव्यात आणि वर्गणीचा हिशोब गावासमोर वाचला गेला पाहिजे. कीर्तनकारानं बायकांची टिंगल केली की सगळ्याजणींनी उठून जायचं. भाकऱ्या तशाच परातीत.

हे होणार नाही, असं म्हणू नका. विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा विचार आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळ्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नेला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठरावानं सगळं बदलत नाही, हे खरंच. पण ठराव हातात असला की विधवेला मंगळकार्यात पुढं बसवणाऱ्या बाईला बोलायला तोंड मिळतं. पंढरपुरातसुद्धा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवले आणि समितीनं स्त्रियांना आणि सगळ्या जातींना पूजेची वाट मोकळी केली. विठोबाच्या पंढरीत जे होतं, ते आपल्या गावच्या मारुतीच्या देवळात का होऊ नये?

ती बाई आता सांगोल्यात एका खानावळीत पोळ्या लाटते. पोरं शाळेत जातात. केस चालू आहे. सप्ताहाला ती यंदा गेली नाही. मी विचारलं, देवावर राग आहे का? म्हणाली, "देवानं कुठं न्हाई म्हटलं हुतं? माणसांनी म्हटलं."

आषाढीला आपल्या रस्त्यानं सांगली-कोल्हापूरकडच्या दिंड्या पंढरीला जातील. त्याआधी प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या एका तरी देवळाच्या, दर्ग्याच्या किंवा चर्चच्या कमिटीला जाऊन भेटावं, त्या खोलीची मागणी लेखी द्यावी आणि काय उत्तर मिळालं ते आपल्या मासिकाला कळवावं. 'नाही' म्हणाले तरी कळवा. कोणी 'नाही' म्हटलं, तेही छापून आलं पाहिजे.