दिसतं मराठी, असतं इंग्रजी

माझ्या आत्याचं पुस्तक २००९ साली निघालं. तीनशे प्रती, तालुक्याच्या गावातल्या प्रेसमध्ये छापलेल्या. प्राथमिक शाळेत शिकवताना भेटलेल्या मुलांच्या गोष्टी आहेत त्यात. आता तिची नजर पार अधू झालीय, छापील पान वाचता येत नाही. म्हणून मागच्या दिवाळीत म्हटलं, पुस्तकाची पीडीएफ मिळवू आणि फोनलाच वाचून दाखवायला लावू. प्रेसवाल्यांनी फाईल जपून ठेवली होती, मागितल्या दिवशी पाठवलीसुद्धा. मी वाचन सुरू केलं. फोन इंग्रजी मुळाक्षरं बडबडायला लागला. आत्या म्हणाली, "अगं, हे काय लावलंस? माझं लाव की."

तिचंच लावलं होतं.

पानं लावणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे काय झालंय ते लगेच कळलं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला, की कॉम्प्युटरच्या लेखी तिथं ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. कागदावर छापलं की कुणाला पत्ता लागत नाही. पण फोनवर शोधा, कॉपी करा, मोठ्यानं वाचायला लावा, मुखवटा गळून पडतो.

हा जुगाड ज्यांनी केला त्यांना मी नावं ठेवणार नाही. पेजमेकर १९८५ साली आलं. त्या काळच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर म्हणजे काय हेच कळत नव्हतं. या जुगाडामुळेच गावोगावी डीटीपीची दुकानं निघाली आणि खिळे जुळवण्याच्या खर्चातून मराठी पुस्तक सुटलं. पण युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. आज हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काहींचा तेव्हा जन्मही झाला नसेल. तरी अजूनही मराठी पुस्तकं याच पद्धतीनं लागतात. तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'जेवलास का' खऱ्या मराठीत साठवला जातो आणि चारशे पानांची कादंबरी मात्र खोट्या. याला मी हलगर्जीपणाच म्हणते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "मॅडम, इनडिझाइनमध्ये युनिकोड फुटतं. वेलांटी पळते, जोडाक्षरं तुटतात." खरंय, फुटतं. कारण एक सेटिंग बदललेलं नसतं. पॅराग्राफ स्टाइलमध्ये 'जस्टिफिकेशन' उघडा, कंपोझरच्या जागी 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. संपलं. मूळ स्टाइलमध्ये एकदा केलं आणि बाकीच्या स्टाइल तिच्यावर बेतल्या, की पुस्तकभर लागू होतं. ही सोय २०१२ च्या सीएस६ पासून आहे. पैसे नसतील तर स्क्रायबस फुकट आहे आणि त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. चांगले फॉन्ट नाहीत ही तक्रारही जुनी झाली. मुक्त आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, तिरो देवनागरी मराठी तर मराठी वळणाच्या ल आणि शसकट येतो. तिन्ही फुकट.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे : ऑपरेटरला पानामागे पैसे मिळतात, नवं शिकायला वेळ कुठला? मान्य. पण हातानं पान लावण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशोब कधी केलाय? प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक सिलेक्ट करून साइज वाढवायचा, खाली चार वेळा एंटर मारायचं, पान भरलं की पुन्हा एंटर. मग लेखक एक परिच्छेद वाढवतो आणि सगळी पानं घसरतात. शीर्षक, मजकूर, उतारा, कविता यांच्या चार स्टाइल केल्या, जागा एंटरऐवजी 'स्पेस बिफोर'नं सोडली, पानाचा आकडा मास्टर पेजवर टाकला, की तोच बदल चुटकीसरशी होतो. मी अकरा पॉइंटच्या मजकुराला सोळाचं लीडिंग देते. ऑटो लीडिंगवर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

ओळ भरायला मध्येच हायफन ठोकण्याची सवय तर सोडाच. कागदावर तो ओळीच्या शेवटी येतो. तोच मजकूर फोनच्या रुंदीत वाहिला, की ओळीच्या मधोमध 'महा-राष्ट्र' उभा राहतो. ओळ मोडायची तर सॉफ्टवेअरला मोडू द्या.

आणि पीडीएफ म्हणजे जतन नव्हे. युनिकोडमध्ये लावलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमधूनही जोडाक्षरं कॉपी करताना तुटू शकतात, कारण तिथं मुख्यतः अक्षरांचे आकार साठवलेले असतात. मूळ फाईल ठेवा, सोबत ईपब काढा. स्टाइल नीट लावल्या असतील, तर ते फार मोठं काम नाही.

आत्याचं पुस्तक मी कन्व्हर्टरमधून काढलं. त्यानं तिच्या गावच्या सगळ्या दऱ्यांचे दर्या करून ठेवले, डोंगरात समुद्र शिरला. हा ऱ वेगळा टाइप करावा लागतो : नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग य. आता संध्याकाळी फोन वाचतो, आत्या ऐकते, आणि चूक आली की शाळेतल्यासारखी टोकते. एकशे बारा पानांपैकी साठ झाली. वेळेवर एक फॉन्ट निवडला असता, तर हे काम उरलंच नसतं.

तुमच्यातलं कुणीतरी उद्या कवितासंग्रह काढेल, कॉलेजचं नियतकालिक लावायला देईल, आजोबांच्या आठवणी छापेल. मुखपृष्ठाचा रंग ठरवण्याआधी प्रेसवाल्याला दोन गोष्टी विचारा : मजकूर युनिकोडमध्ये लावणार का? आणि काम झाल्यावर मूळ फाईल मला देणार का? उत्तर "काय फरक पडतो" असं आलं, तर दुसरा प्रेस बघा.