डागाळला म्हणून रुपया खोटा नव्हे

आजीच्या डब्यातला सहाव्या जॉर्जचा रुपया तांबूस, हिरवट झालेला दिसला की तो खोटा समजून अनेकजणी कवडीमोलाने देऊन टाकतात. त्याआधी नाण्यावरचे साल पाहा.

दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. त्यामुळे १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. बाकी ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त. त्यापूर्वीच्या रुपयात चांदी सुमारे ९२ टक्के असे. म्हणून जुना रुपया बहुधा नुसता काळवंडतो, तर युद्धकाळातल्या रुपयावर दमट हवेने तांब्याचे डाग उमटतात.

असे नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. डागांबरोबर नाण्याचा वरचा थरही झिजतो आणि संग्राहक त्याची किंमत कमी करतात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो, म्हणून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.

विकायचाच झाला, तर ११.६६ ग्रॅमच्या या रुपयात ५.८ ग्रॅम चांदी आहे, हे सोनाराकडे जाताना ध्यानात असू द्या. १९४७ चा रुपया मात्र निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो.