'नाही' म्हणणारे मेडिकल निवडा

जून-जुलैत रोपलावण सुरू झाली की शाहूवाडी तालुक्यातल्या औषध दुकानांतली गर्दी वाढते. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते, पायाच्या बोटांत चिखल्या होतात, भिजून ताप येतो. दवाखाना लांब असतो आणि लावणीचा एक दिवसही बुडवणे परवडत नाही. मग मलकापूरला किंवा बांबवड्याला बाजाराला निघालेल्या कुणाला तरी निरोप दिला जातो, 'येताना मेडिकलमधून अंगदुखीच्या चार गोळ्या आण.' त्या चार गोळ्या पाकिटातून कापून कागदात बांधून येतात. गोळीचे नाव, मुदत आणि किंमत उरलेल्या पाकिटावर दुकानातच राहते.

मोठ्या शहरात डॉक्टर चार पावलांवर असतो. डोंगरी तालुक्यात मात्र आजारी माणसाची पहिली गाठ पुष्कळदा मेडिकलवाल्याशीच पडते. म्हणून आपण कोणते दुकान निवडतो, हा किरकोळ प्रश्न नाही. बहुतेक घरांत ही निवड दोन गोष्टींवर ठरते. उधारी कोण देतो आणि चिठ्ठीशिवाय मागेल ते कोण देतो. पहिली गोष्ट समजण्यासारखी आहे. दुसरी धोक्याची आहे.

अंगदुखीच्या त्या चार गोळ्यांचेच पाहा. रक्तदाबाचे औषध चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके दिवसेंदिवस घेतली, तर मूत्रपिंडावर ताण येतो, जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पुडीत स्टेरॉइडची गोळी असेल तर दोन दिवस अंग हलके वाटते, पण मधुमेह्याची साखर भडकते. पुढे सवय लागली आणि गोळी एकदम बंद झाली, तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो. गजकर्णावर लावण्याच्या मलमांचेही तसेच. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते, मात्र बुरशी आत पसरत राहते. म्हणूनच 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम झाला. तरीही ती हातोहात मिळतात, कारण मागणारे आपणच असतो.

कायद्यात तरतुदींची कमतरता नाही. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचे, ही अट 1945 च्या औषध नियमांतली आहे. मार्च 2014 पासून लागू असलेल्या 'एच-1' यादीत काही तीव्र प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या आहेत. त्या विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. प्रत्यक्षात प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडे, हे चित्र राज्याला नवीन नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, 2012 च्या सुमारास, फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला गेला. तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी त्याला मोठा विरोध केला होता.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला असतो. त्यातून गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, मुदत संपलेला माल आणि थकलेली उधारी भागवायची. समोर ऑनलाइन कंपन्यांची मोठी सूट आहे. शिकलेली मुले पुण्या-मुंबईहून आईवडिलांची महिन्याची औषधे मोबाइलवरून मागवतात आणि मग रात्री दहाला धाप लागली की गावातल्या दुकानाचे शटर वाजवले जाते. नेहमीची खरेदी दुसरीकडे आणि अडचण तेवढी इथे, असे चालले तर ते शटर एक दिवस कायमचे बंद होईल. त्या दिवशी गावाला सुटीची खरी किंमत कळेल.

मात्र स्थानिक दुकान आपले आहे, एवढ्यावर ते चांगले ठरत नाही. त्याने विश्वास कमवायला हवा आणि आपल्याला तो पारखता यायला हवा. पहिली कसोटी, काउंटरवर फार्मासिस्ट स्वतः असतो का आणि गोळी कशी घ्यायची हे तो सांगतो का. दुसरी, डॉक्टरने लिहिलेले औषध नसेल तर 'हे पण तेच आहे' म्हणून दुसरे हातात ठेवतो, की डॉक्टरला फोन करायला सांगतो. चिठ्ठीवरचे औषध परस्पर बदलणे नियमाला धरून नाही. तिसरी कसोटी पावसाळ्यातली. इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. आंबा घाटाकडे वीज गेली की कित्येक तास येत नाही. अशा वेळी फ्रीजमधल्या मालाचे काय करता, हे विचारायला संकोच नको. चांगला दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही.

चौथी कसोटी बिलाची. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. त्याने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले. आपल्या राज्यातही अन्न व औषध प्रशासनाने त्या औषधाच्या 'एसआर-13' या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला. अशा वेळी घरातली बाटली त्याच बॅचची आहे का, हे कागदात बांधलेल्या गोळ्यांवरून किंवा लेबल निघालेल्या बाटलीवरून कसे कळणार? बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. दोन रुपये सुटले नाहीत तरी चालेल, बिल सोडू नये. गोळ्या सुट्या घ्याव्या लागल्या, तर नाव आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्यावा.

पैशाची अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय चिठ्ठीशिवायची पुडी हा नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी, तिथे न मिळणारे औषध दुकानातून घ्यावे. डॉक्टरला 'स्वस्तातले जेनेरिक लिहून द्या' असे सांगण्यातही कमीपणा नाही. साप चावला, छातीत कळ आली किंवा तान्हे बाळ दूध ओढेना, तर मात्र कोणत्याच मेडिकलपाशी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

ज्याला आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांची औषधे आणि ॲलर्जी ठाऊक आहे, असा दुकानदार ही गावाची मोठी सोय आहे. त्याच्याकडून नियमित खरेदी करावी, उधारी वेळेवर भागवावी आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच दुकानात दाखवाव्यात, म्हणजे एकमेकांशी न जमणारी औषधे त्याच्या नजरेला पडतील. आणि एखाद्या दिवशी तो म्हणाला, 'हे चिठ्ठीशिवाय देणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा,' तर रागावून शेजारच्या दुकानाची पायरी चढू नये. गिऱ्हाईक परत पाठवताना त्याचे नुकसानच होत असते. ते सोसूनही तो 'नाही' म्हणतो, म्हणूनच त्याच्या 'हो'वर भरवसा ठेवता येतो.