अर्धवेळ पगार, बारमाही खर्च

मुले शाळेत जाऊ लागली की अनेक सुशिक्षित माता तासिका तत्त्वावर अध्यापनास परततात. तेथे घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. उन्हाळ्याची सुटी कोरडी जाते. वाणसामान, दूध व पाळणाघर यांना मात्र सुटी नसते. म्हणून वर्षाची प्राप्ती बारांनी भागून येईल तेवढीच मासिक मिळकत धरावी. याहून मोठी चूक पाळणाघराचे शुल्क केवळ आईच्या मानधनातून वजा करण्याची. मग ‘उरते काय?’ असे विचारून तिची नोकरीच निरर्थक ठरविली जाते. मूल दोघांचे, तर खर्चही दोघांचा. २०१७ च्या कायदादुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. कायद्याने मान्य केलेली ही सामायिक जबाबदारी घरच्या जमाखर्चाच्या वहीतही उतरली पाहिजे.