इमारतींच्या बाह्यावरणाविषयी मराठी रहिवाशांस जाहीर आवाहन

इंग्लंडमधील उंच इमारतींत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर सदनिका घेऊन संसार थाटलेल्या तमाम मराठी बंधुभगिनींस सविनय निवेदन असे की, ज्यांना आपल्या इमारतीचे बाह्यावरण, अर्थात येथे सर्वतोमुखी झालेले ‘क्लॅडिंग’, ज्वालाग्राही असल्याचा संशय असेल, त्यांनी तो मनात दडवून न ठेवता लेखी चौकशीस प्रारंभ करावा.

१४ जून २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर लंडनच्या उत्तर केन्सिंग्टन भागातील २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये, चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात, फ्रीजने पेट घेतला. अशा आगी महानगरात वारंवार लागतात आणि बंबवाले त्या विझवून परतही जातात. परंतु २०१६ साली पुऱ्या झालेल्या नूतनीकरणात त्या जुन्या काँक्रीटच्या इमारतीवर जे चकचकीत फलक चढविले होते, त्यांतील प्रत्येक फलक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पत्र्यांमध्ये दाबलेला तीन मिलिमीटरचा पॉलिएथिलीनचा थर होता; बाहेरून निखळ धातू भासणाऱ्या या फलकाची कापलेली कड पाहिली, तरच आतले प्लॅस्टिक दृष्टीस पडते. खिडकीबाहेर पडलेली ज्वाला या फलकांवरून अर्ध्या तासाच्या आत माथ्यावर पोहोचली. घरातच थांबण्याचा शिरस्त्याचा सल्ला मात्र अडीच वाजून गेल्यावर मागे घेण्यात आला. ७२ माणसे प्राणास मुकली. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात या आगीच्या चौकशी मंडळाने माल बनविणाऱ्यांच्या अप्रामाणिकपणावर आणि सरकारच्या अनेक दशकांच्या ढिलाईवर स्पष्ट ठपका ठेवला आहे.

इतके होऊनही आपल्या मंडळींत याविषयी जे मौन आढळते, त्याचे कारण उघड आहे. दोष कागदावर आला की सदनिकेचा भाव कोसळेल आणि बँक हात आखडता घेईल, ही ती धास्ती. ती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. पण घेणाऱ्याची बँक बहुधा भिंतीच्या तपासणीचा दाखला मागतेच, तेव्हा दडवादडवीने भाव तर वाचत नाहीच, उलट पोराबाळांसह त्याच भिंतीआड झोपण्याचा काळ तेवढा वाढतो.

शिवाय कायदा आज आपल्या बाजूस आहे. २०२२ च्या इमारत-सुरक्षा कायद्यान्वये, किमान ११ मीटर उंचीच्या किंवा पाच मजल्यांच्या निवासी इमारतीत, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ज्याची सदनिका हे त्याचे मुख्य निवासस्थान होते, अथवा ज्याच्या मालकीची ब्रिटनमध्ये एकूण तीनहून अधिक घरे नव्हती, अशा पट्टेदारावर धोकादायक क्लॅडिंग बदलण्याच्या खर्चाचा बोजा टाकता येत नाही; आणि हे संरक्षण सदनिकेबरोबर पुढील खरेदीदाराकडे जाते. मात्र त्यासाठी पट्टेदाराने विहित नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करणे अगत्याचे आहे. हे प्रमाणपत्र मागणारे जमीनमालकाचे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून राहिले आणि मुदत टळली, तर हक्क असूनही त्या पट्टेदारास अपात्र धरले जाऊ शकते. गुंतवणूक म्हणून चार-पाच सदनिका बाळगणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा.

क्लॅडिंग बदलण्याचे प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर रहिवाशांना सहसा घर सोडावे लागत नाही, आणि खरी कसोटी तेथेच आहे. परांची उभी राहते, तिच्यावर चादरी ताणल्या जातात, भर दुपारी दिवा लावावा लागतो. ड्रिलचा आवाज दिवसभर चालतो, आणि खिडकी उघडता न आल्याने फोडणीचा ठसका घरातच कोंडतो. असे कित्येक महिने काढावे लागतात. या काळात कारागिरांस गच्चीतून वाट द्यावी, गच्चीतील सामान हलवावे, सदनिकेचे अग्निरोधक दार पाचर लावून उघडे ठेवू नये, आणि दिवाळी याच दिवसांत आली तर पणत्या व आकाशकंदील गच्चीत लावण्याचा मोह कृपा करून आवरावा. जुने फलक उतरल्यावर त्यांमागील उष्णतारोधक थर कोणता निघाला, आगीचा मार्ग अडविणाऱ्या पट्ट्या पोकळीत होत्या की नाही, आणि नवा माल ए१ अथवा ए२ वर्गाचा आहे काय, हे प्रश्न रहिवाशांच्या सभेत विचारण्यास संकोच करू नये. ठेकेदाराच्या तोंडी ‘सगळे ठीक आहे’वर मी तरी विसंबणार नाही.

तरी प्रत्येकाने याच आठवड्यात आपल्या इमारतीच्या व्यवस्थापकास पत्र धाडून बाह्य भिंतीच्या तपासणी अहवालाची प्रत मागावी, पत्राची नक्कल तारखेसह जपून ठेवावी, आणि शेजारच्या दाराआड एखादे वृद्ध जोडपे असेल, तर त्यांचे पत्र आपणच लिहून द्यावे.

आपला नम्र,
एक पट्टेदार रहिवासी