हेतू माणसाचा, हिशेब कोणाचा?

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील पोलीस व गुन्हेगार यांच्यावरची ‘द वायर’ ही मालिका जून २००२ मध्ये सुरू झाली आणि पाच पर्वांचे ६० भाग होऊन मार्च २००८ मध्ये संपली. तिच्या चाहत्यांचा वाद मात्र अजून संपलेला नाही. स्ट्रिंगर बेलने स्वतःच्याच माणसांचा घात का केला? फ्रँक सोबोट्का लोभी की भाबडा? मॅकनल्टीने नसलेला खुनी उभा केला, ही पात्राची विकृती की लेखकाची चूक? अभ्यासवर्ग आटोपल्यावर आमच्या परिचयातील तरुण कार्यकर्तेही या प्रश्नांवर मध्यरात्रीपर्यंत भांडताना आम्ही पाहिले आहेत. काही ज्येष्ठांना हा निव्वळ कालापव्यय वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. माणूस असा का वागला, हे विचारण्याची सवय राजकीय कार्यकर्त्याला असलीच पाहिजे. आमची तक्रार आहे ती इतकीच की, हा वाद नेमका जिथे रंगायला हवा तिथे थांबतो.

मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन हा बाल्टिमोरच्याच दैनिकात गुन्हेविषयक वार्ताहर होता. त्याचा सहकारी एड बर्न्स आधी पोलीस खात्यात आणि नंतर शाळेत शिक्षक होता. या दोघांनी जे शहर पाहिले त्याची लोकसंख्या १९५० साली साडेनऊ लाखांच्या घरात होती, ती २००० साली साडेसहा लाखांवर आली. शहराशेजारचा स्पॅरोज पॉइंटचा पोलाद कारखाना एकेकाळी हजारो कुटुंबे पोसत होता. त्याची मालक बेथलेहेम स्टील कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली. ‘काम नाहीसे होते तेव्हा’ समाजाचे काय होते, यावर १९९६ साली ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम ज्यूलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने पुढे हार्वर्ड विद्यापीठात ही मालिका समोर ठेवून नागरी विषमतेचा अभ्यासक्रम शिकवला, तो उगाच नव्हे.

स्ट्रिंगर बेल आमच्या विशेष जिव्हाळ्याचा, कारण तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. अमली पदार्थांच्या टोळीचा हा कारभारी रात्रीच्या वर्गात बसून मागणीची लवचिकता शिकतो. माल निकृष्ट असेल तर काय करावे, असे प्राध्यापकांना विचारतो आणि त्याच मालाचे नाव बदलून तो पुन्हा रस्त्यावर आणतो. व्यसनी माणसाची मागणी ताठर असते, हे त्याला ठाऊक आहे. (आम्हीही आयुष्यभर हा धडा शिकवला; बाकावर कोण बसले आहे, हे कधी विचारले नाही.) तिसऱ्या पर्वात तो प्रतिस्पर्धी टोळ्यांना एकत्र आणून घाऊक खरेदी करू लागतो, सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या पोराला दरडावतो आणि इमारतींच्या धंद्यात पैसा गुंतवतो. तिथे एक प्रतिष्ठित सिनेटर त्याला बिनदिक्कत लुबाडतो. चाहते विचारतात, इतका हुशार माणूस फसला कसा? आमच्या मते तो फसला, कारण पुस्तकातील बाजार खरा आहे असे त्याने मानले. रस्त्यावरच्या धंद्याला गुंडगिरी म्हणतात आणि वरच्या मजल्यावरील धंद्याला ओळखपाळख, एवढाच फरक त्याला उशिरा कळला. त्याच्या मृत्यूनंतर पोलिसांना त्याच्या घरी ॲडम स्मिथचा ग्रंथ सापडतो.

दुसऱ्या पर्वातील गोदी कामगारांची कथा अनेक प्रेक्षकांना आवडली नव्हती. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे थरारक जग सोडून हे काय, अशी त्यांची कुरकुर. आम्हांस ते पर्व सर्वोत्तम वाटते. युनियनचा पुढारी फ्रँक तस्करांचे कंटेनर गुपचूप बाहेर काढतो आणि मिळालेला पैसा बंदराचा गाळ उपसावा, धान्याचा धक्का पुन्हा सुरू व्हावा म्हणून आमदारांच्या मनधरणीवर उधळतो. हेतू शुद्ध; पण एका कंटेनरमध्ये डझनभराहून अधिक स्त्रिया गुदमरून मेलेल्या सापडतात. मालिकेत त्या धक्क्याच्या जागी श्रीमंतांची घरे होणार असतात. प्रत्यक्षातही बाल्टिमोरच्या लोकस्ट पॉइंट येथील धान्याच्या प्रचंड कोठाराची २००९ साली आलिशान सदनिकांची इमारत झाली. गिरणगावच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

शेवटच्या पर्वातील मॅकनल्टीवर सर्वांत जास्त वाद होतो. बेघरांच्या मृतदेहांवर खुणा करून तो एक काल्पनिक खुनी निर्माण करतो, जेणेकरून खऱ्या तपासाला पैसा मिळावा. कथा इथे ताणली आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण पोलिसांकडे पैसा का नव्हता? शाळांच्या अंदाजपत्रकात मोठी तूट निघाली होती; राज्याची मदत घेतली असती तर गव्हर्नरपुढे हात पसरल्यासारखे दिसले असते, आणि महापौर कार्सेटीला तर पुढे स्वतःच गव्हर्नर व्हायचे होते. त्याने मदत नाकारली. काटछाट पोलीस खात्यावर आली आणि तिच्यातून मॅकनल्टीचे खोटे जन्मले. मॅकनल्टीच्या दारूवर आणि अहंकारावर तासन् तास बोलणारे चाहते या अंदाजपत्रकाशी मात्र पोचत नाहीत.

तथापि, ‘सारे व्यवस्थेनेच केले’ असे म्हणून हात झटकण्याची आपल्या लोकांची सवय आम्ही जाणतो, आणि ही मालिका तिलाही साथ देत नाही. डिअँजेलोला तुरुंगात मारण्याचा निर्णय स्ट्रिंगरने एकट्याने, आपल्या भागीदारालाही न सांगता घेतला; मागणी-पुरवठ्याच्या कोणत्याही कोष्टकातून तो निघत नाही. पहिल्या पर्वात वॉलेस नावाच्या पोराला त्याच्याच दोन मित्रांनी गोळ्या घातल्या. त्यांपैकी बोडी रस्त्यावरच मेला. दुसरा, पूट, पाचव्या पर्वात बुटांच्या दुकानात काम करताना दिसतो, आणि नोकरी मागायला आलेल्या एका मुलाला अजून थोडा मोठा होऊन ये म्हणतो. तो त्या जगातून बाहेर कसा पडला, हे मालिका जवळजवळ सांगतच नाही. त्या रात्री आमच्या तरुण मित्रांच्या वादात त्याचे नाव एकदाही निघाले नाही.