विश्लेषण : मुलांचे शब्द तक्त्यांनी वाढतात की गप्पांनी?

संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे हे मुक्कामाचे गाव आहे. पालखी आली की आजीच्या कडेवरचे तीन वर्षांचे मूल ‘हे काय? ते काय?’ असे विचारत सुटते. टाळ, वीणा, पताका, दिंडी, तुळशीवृंदावन... एका संध्याकाळी त्याच्या कानावर पडणारे हे शब्द भिंतीवरच्या तक्त्यावर मिळत नाहीत. तरीही शब्दसंग्रह वाढवायचा म्हटले की अनेक पालकांना आधी तक्ता आणि मोबाइलवरची बालगीतेच आठवतात.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ले यांनी ४२ कुटुंबांतील संभाषणांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. चार वर्षांचे होईपर्यंत गरीब घरातील मुले सुस्थितीतील मुलांपेक्षा सुमारे तीन कोटी शब्द कमी ऐकतात, असा त्यांचा अंदाज होता. या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली. एमआयटीतील संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात वेगळी बाब पुढे आली. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती वेळा बोलाचाली झाली, याचा मेंदूतील भाषेच्या कामाशी अधिक संबंध दिसला. घरच्या उत्पन्नाने त्यात फरक पडला नाही. म्हणजेच शब्द विकत घ्यावे लागत नाहीत.

मोबाइल ही उणीव का भरून काढत नाही?

मोबाइल बोलतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. मुलाने चुकीचे बोट दाखवले तरी गाणे पुढेच जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. दोन ते चार वर्षे वयात तो दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नसावा.

घरची बोली सुधारावी का?

अंथुर्ण्याचा परिसर नीरा डाव्या कालव्याचा आणि उसाचा. सरी, बेणे, खोडवा, पाचट, वाढे हे शब्द इथल्या मुलांच्या कानावर रोज पडतात. लागण कोणती आणि खोडवा कोणता हे सांगणारे मूल वर्गीकरण शिकलेलेच असते. त्याला ‘गावठी बोलू नको’ असे दटावले की ते बोलायचेच थांबते. त्याच्या शब्दाशेजारी प्रमाण शब्द ठेवावा, त्याचा शब्द काढून घेऊ नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले बालशिक्षणाचे काम पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्याच वस्तूंवर उभे राहिले.

सर्वाधिक फटका कोणाला?

ऊसतोड कामगारांच्या मुलांना. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगरकडील कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. आई-वडील पहाटेच फडात जातात आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला थोरले भावंड उरते. प्रश्न विचारण्याच्या वयात उत्तर देणारे कोणी जवळ नसते. गावाकडची अंगणवाडी सुटते आणि इथली अंगणवाडी कोपीपासून लांब असते.

काय करता येईल?

मूल ‘पाणी’ म्हणाले, तर ‘हो, चारीला पाणी आलं. कुठून आलं असेल?’ असे विचारावे आणि थांबावे. जेवताना, गोठ्यात, बाजारात अशा गप्पा होऊ शकतात. एकच गोष्ट दहादा सांगावी. ‘याला काय म्हणतात, सांग’ अशी परीक्षा घेऊ नये.

मात्र सगळा भार पालकांवर टाकून चालणार नाही. देशात १९७५ पासून सुरू असलेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वयाच्या मुलांचे पूर्वशिक्षण अंगणवाडीकडेच आहे. पण आहारवाटप, वजन-उंचीच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकरवर माहिती भरणे ही कामेही त्याच सेविकेकडे असतात. नोंदींचा भार कमी करून तिला मुलांशी बोलायला वेळ मिळाला पाहिजे आणि हंगामात अंगणवाडी कोपीपर्यंत पोहोचली पाहिजे. पहिलीच्या वर्गात गप्प बसणारे मूल ‘कच्चे’ ठरवले जाते. त्याच्याशी आजवर कोण बोलले, हे आधी विचारायला हवे.